वळचणीची कपबशी

आमच्या जुन्या घराच्या पुढच्या वळचणीला एक कपबशी खोचलेली असायची. कपाचा कान तुटलेला आणि बशीला काठावर टवका उडालेला. ती आमच्या सालदाराची. सकाळी गुरांचं शेण काढून झालं की तो दारात यायचा, वळचणीतून कपबशी काढायचा, रांजणाजवळ उकिडवा बसायचा. आई वरूनच चहा ओतायची. कपाला किटली लागू नये इतकं अंतर ठेवून. चहा पिऊन झाला की तो स्वतःच कपबशी विसळायचा आणि परत जागेवर खोचून रानात जायचा. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. मामा म्हणायचं, त्याच्या खांद्यावर बसून जिंतूरच्या बाजाराला जायचं, त्याच्या धोतराच्या सोग्यातले शेंगदाणे खायचे, आणि त्याची कपबशी मात्र वळचणीला. यात काही चुकतंय असं मला बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत कधी वाटलं नाही. आमच्या घरातल्या कुणालाच वाटलं नव्हतं. आजी तर माळकरी. एकादशी चुकवायची नाही, पंढरीची वारी केलेली. पण वळचणीची कपबशी तिच्याच नियमानं तिथं होती.

१९७२ चा दुष्काळ पडला त्या वर्षी रानात काही काम उरलं नव्हतं. मोठी माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची, रेशनवर लाल मिलो मिळायचा, आणि आम्हा शाळकरी पोरांना दुपार खायला उठायची. त्या दिवसांत हायस्कूलच्या पेटीतून मी एक पुस्तक घरी आणलं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. नाव बघून मला वाटलं, लोकमान्य टिळकांच्या घरचं काहीतरी असेल. आजीला वाचता येत नव्हतं, पण ऐकायची तिला फार हौस. ओसरीत जातं ओढून झालं की म्हणायची, “वाच की रे काहीतरी. नुसतं काय बसलास.” म्हणून मी वाचायला लागलो.

पहिल्याच पानांत सोवळ्याची गोष्ट. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. जगातली प्रत्येक गोष्ट विटाळलेली वाटायची. बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस धुवायचा. धान्य धुवायचं, मीठसुद्धा धुवायचं.

आजीनं जपमाळ थांबवली. “मीठ धुतलं तर राह्यतंय का बाबा?” म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. त्या क्षणी मामा दारात येऊन वळचणीतली कपबशी काढत होता. आम्ही दोघंही मीठ धुणाऱ्या माणसाला हसत होतो, आणि समोर काय चाललंय ते दोघांनाही दिसत नव्हतं.

त्या पुस्तकानं मला एक प्रश्न दिला, तो अजून सुटलेला नाही. माणूस बदलतो म्हणजे नेमकं काय होतं? डोक्यात बदलतो, का हातात?

नारायण वामन टिळक हे लक्ष्मीबाईंचे यजमान. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. आई लवकर गेली, बापाचा स्वभाव तापट. पोरगं घर सोडून नाशिकला आलं, मिळेल तिथं राहिलं, संस्कृत शिकलं, कविता करायला लागलं. मनकर्णिका अकरा वर्षांची असताना त्यांचं लग्न झालं आणि सासरी ती लक्ष्मी झाली. टिळक हुशार, भावनेचे ओले आणि संसाराला अगदी बेभरवशाचे. आज या गावी नोकरी, उद्या ती सोडून त्या गावी. हातात पैसा आला की दारात दिसेल त्याला देऊन मोकळे. घरात तांदूळ आहे का नाही, याचा पत्ता नाही. लक्ष्मीबाईंनी हे काही झाकून ठेवलं नाही. नवऱ्याची थोरवी जितक्या मोकळेपणानं सांगितली तितक्याच मोकळेपणानं त्याचा वेडेपणाही. आजीला हे फार आवडायचं. “बाई खरी बोलायली,” म्हणायची.

टिळक नागपूरला होते. आप्पासाहेब बुटी नावाच्या श्रीमंतांकडे संस्कृत ग्रंथांचं काम करत. १८९३ च्या सुमाराला ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले. डब्यात एक युरोपियन पाद्री भेटला. बोलता बोलता कवितेवर, धर्मावर गोष्टी निघाल्या. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात ‘नवा करार’ ठेवला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून गेला. टिळकांना ते पटलं नाही. पण शब्द दिला होता म्हणून ते पुस्तक वाचायला बसले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले.

ते प्रवचन मी पुढे नोकरीला लागल्यावर वाचलं. शत्रूवर प्रेम कर, अपमान करणाऱ्याला क्षमा कर, दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नकोस, असं त्यात सांगितलंय. पण मला धरून ठेवलं ते शेवटानं. येशू तिथं दोन घरांची गोष्ट सांगतो. एक खडकावर बांधलेलं, एक वाळूवर. पाऊस दोन्हींवर पडतो, पूर दोन्हींना लागतो. एक उभं राहतं, एक पडतं. आणि वाळूवर बांधणारा कोण, तर ज्यानं ऐकलंच नाही तो नव्हे. ज्यानं सगळं ऐकलं, पण तसा वागला नाही तो.

आमच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. काळ्या रानात कुणी घर बांधत नाही. पावसाळ्यात काळी फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भिंत कितीही जाड असो, तडकते. म्हणून आपले पूर्वज पांढरी बघून गाव वसवत. काळी पेरायला, पांढरी राहायला. ऐकणं ही पेरणी झाली. राहायचं ठिकाण म्हणजे वागणं.

टिळक वागले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या साहेबाच्या हातून नाही, तुकारामजी नथोजी या मराठी पाळकाच्या हातून. पण त्या आज्ञापालनाची किंमत सगळ्यात आधी कुणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. घरी सांगितलेलं नव्हतं. बातमी आली आणि कडेवरच्या पोराला घेऊन ती बाई एका दिवसात ना सवाष्ण ना विधवा अशी होऊन बसली. मुलगा दत्तू तेव्हा तीन-चार वर्षांचा. बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी आधार दिला. नाशिक, पंढरपूर अशी जवळजवळ पाच वर्षं नवऱ्यावाचून गेली. तो पत्रं लिहितो, कविता लिहितो, ये म्हणतो. ती जाऊ शकत नाही, आणि त्याला मनातून काढूही शकत नाही.

आजी इथं रडली होती. “देव भेटला म्हणून बायकू सोडायची व्हय?” म्हणाली. तिचा सवाल मला आजही खोडता येत नाही. श्रद्धेनं माणूस बदलतो ते खरं, पण बदलणाऱ्या माणसाचं ओझं बऱ्याचदा न बदललेल्यांच्या डोक्यावर येतं. टिळकांच्या बाजूनं एवढंच सांगता येईल की त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि बायकोवर धर्माची सक्तीही केली नाही.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला गेल्या. अहमदनगर हे तेव्हा अमेरिकन मराठी मिशनचं मोठं ठाणं. तिथं आधी त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. वडिलांनी धुतलेलं मीठ अजून अंगात होतं. बाप्तिस्मा घेतलेल्या नवऱ्याचा धर्म त्यांना हळूहळू समजायला लागला होता, नवऱ्याचा स्वभाव निवत चाललेला दिसत होता. पण दुसऱ्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नव्हतं.

मग एक दिवस त्या एकट्या बसून विचार करायला लागल्या. जात देवानं केली का माणसानं? देवानं केली असती तर जनावरांत जशी गाय वेगळी आणि घोडा वेगळा दिसतो, तशी माणसंही वेगळी दिसली असती. तशी तर दिसत नाहीत. एवढा साधा विचार. कुठलं मोठं शास्त्र नाही, दृष्टान्त नाही. पण त्या तिथं थांबल्या नाहीत. जात माणसानं केली हे पटल्यावर त्यांनी ठरवलं की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. आणि तसं केलं. बाप्तिस्मा पुढे, १९०० साली राहुरीला. म्हणजे पाणी आधी प्यायल्या, बाप्तिस्मा नंतर घेतला. हात आधी बदलला.

आणि त्या हातानं पुढे काय केलं ते बघा. १८९९-१९०० चा तो मोठा दुष्काळ, छप्पनचा म्हणतात तो. आईबाप मेलेली पोरं रस्त्यारस्त्यानं फिरत होती. टिळकांनी आणि लक्ष्मीबाईंनी अशी पोरकी मुलं घरात घेतली. कुणाची जात कोण विचारणार? ज्या बाईच्या माहेरी मीठ धुवायचे, तिच्या घरात त्या पोरांच्या अंगावरचे किडे वेचले गेले, डोकी विंचरली गेली, ताटं वाढली गेली. बहात्तरच्या दुष्काळात हे वाचताना आमच्या ओसरीत कुणी हसत नव्हतं.

हे सगळं नगर-नाशिककडचं, म्हणून आपल्याकडचे लोक म्हणतील की आपला काय संबंध. आपला मुलूख तर निजामाचा. पण जिंतूरहून मंठा, वाटूर करत जालन्याला जा. तिथं ही गोष्ट टिळकांच्याही आधी घडून गेली होती. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. तो वयानं लहान, म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण प्रश्न मिटला नाही, उलट तिथून सुरू झाला. कारण पोरानं मिशनऱ्यांच्या घरी अन्न खाल्लं होतं. आता त्याला जातीत घ्यायचं का नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्यावं. सनातनी मंडळी उठली. सगळी मुंबई त्या पोरानं काय खाल्लं यावर भांडत होती. त्याच्या मनात देवाबद्दल काय आलं, हे कुणाला विचारावंसं वाटलं नसावं.

थोरला भाऊ नारायण मात्र पाळक झाला आणि पुढे जालन्याला आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यानं जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचं गाव वसवलं. तिथं येऊन राहिलेले बहुतेक गावकुसाबाहेरचे, मांग आणि महार समाजातले लोक. देवळाबरोबर तिथं शेती होती, विहिरी होत्या, शाळा होती. ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्या माणसानं त्यांच्यात आयुष्य काढायचं, त्यांच्या हातचं खायचं, त्यांच्या पोरांना अक्षर शिकवायचं. एकोणिसाव्या शतकातल्या निजामशाही मराठवाड्यात ही गोष्ट लहान नव्हती.

सगळंच गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटली नाही अशी घरं होती आणि आहेत. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं आपोआप काही धुतलं जात नाही, मिठासारखंच आहे ते. चर्चच्या बाकावर बसूनही माणसं कोण कुठून आला ते लक्षात ठेवतात. टिळकांनाही मिशनमध्ये सगळं पटत नव्हतं. गोऱ्या लोकांच्या चालीवरची गाणी मराठी माणसाच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी अभंग, भजनं, कीर्तनं लिहिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे चालणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा होती. बावीस वर्षांपूर्वी जात सोडली, आता पगार सोडला. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला, मुंबईत ते वारले.

मागे त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं. ते कुणी पुरं करावं? लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न बघितलेल्या, नवऱ्यानं घरातच अक्षरओळख करून दिलेल्या बाईनं त्यात ६४ अध्यायांची भर घातली. आणि मग आपली स्मृतिचित्रं लिहिली, त्यांचे भाग १९३४ पासून येऊ लागले. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या.

आता पुन्हा आमच्या ओसरीत येतो.

पुस्तक संपलं तेव्हा आजी काही बोलली नाही. मला वाटलं होतं, ती वळचणीतली कपबशी काढून फेकून देईल. पोराच्या मनाला असंच वाटतं, गोष्ट संपली की माणसं बदलली पाहिजेत. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मामा आला, आईनं वरूनच चहा ओतला.

पुढच्या पावसाळ्यात मामाला हिवताप आला. आठ दिवस तो कामावर आला नाही. नवव्या दिवशी आजीनं ज्वारीच्या कण्यांची पेज केली, देवापुढचा तिचा स्वतःचा पितळी तांब्या घेतला, त्यात पेज ओतली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून गावाच्या खालच्या अंगाला निघाली. आई म्हणाली, “अत्या, दुसऱ्या भांड्यात न्या की.” आजी म्हणाली, “ह्येच बरंय.” परत आली तेव्हा तांब्या तिच्या हातात होता. तो तिनं विस्तवातून काढला नाही, नुसता राखेनं घासला, रोज घासायची तसा, आणि देवापुढे ठेवला.

त्यानंतर कधीतरी वळचणीतली कपबशी दिसेनाशी झाली. कुणी काढली ते कुणी बोललं नाही. मामाला स्टीलच्या पेल्यात चहा मिळायला लागला. पण तो पेलाही बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा, आणि मामा शेवटपर्यंत रांजणाजवळच बसायचा. जे घडलं तेवढंच सांगतो, जास्त नाही.

आणि माझं? मी तर सगळं वाचलेला. पुढे मास्तर झालो, जिंतूर तालुक्यातल्याच एका खेड्यात. शाळेत जातीभेदावर निबंध लिहून घ्यायचो. एकदा पटनोंदणीला मांगवाड्यात गेलो. एका पोराच्या बापानं ओट्यावर घोंगडी अंथरली, आतून त्याची मंडळी चहा घेऊन आली. नवीन कप, तेवढ्यासाठी शेजारून मागून आणलेला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आज उपास आहे हो माझा.”

उपासाला चहा चालतो हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. त्या माणसालाही माहीत होतं. तो म्हणाला, “बरं बरं, सर,” आणि कप आत गेला. पोरगं दारात उभं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग खाली पाहिलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाळूवरचं घर आठवत राहिलं. सगळं ऐकलेला, सगळं पटलेला, शंभर पोरांना शिकवणारा, आणि कपापाशी हात आखडणारा. तोवर मला वाटत होतं की माझ्यात आणि वरून चहा ओतणाऱ्या आईत फार अंतर आहे. अंतर एवढंच होतं की ती खोटं बोलत नव्हती.

आठ-दहा दिवसांनी मी परत गेलो. काम काही नव्हतं. ओट्यावर बसलो आणि म्हणालो, “वहिनी, पाणी द्या जरा.” त्या बाईनं तांब्या घेतला, राखेनं घासला, विसळला. परत घासला, परत विसळला. पेला तीनदा धुतला. माझ्यासाठी. मला जलालपूरचं ते धुतलेलं मीठ आठवलं. आता ते काम माझ्यामुळं ही माउली करत होती. मी म्हणालो, “धुऊ नका वहिनी, तसंच द्या.” तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग दिलं. मी प्यायलो. मग चहाही झाला.

मी ख्रिस्ती झालो नाही. आजीच्या गळ्यातली तुळशीची माळ तिच्याबरोबरच गेली. पण त्या ख्रिस्ती बाईचं ऋण आमच्या घरावर आहे. देव कोणता, यावर माणसं आयुष्यभर वाद घालू शकतात. लक्ष्मीबाईंनी मला एवढंच दाखवलं की एखादी गोष्ट देवाची आहे असं पटलं, की त्याच दिवशी ती करायची. राहून गेली तर दुसऱ्या दिवशी जाऊन करायची. मला दहा दिवस लागले. आजीला एक पावसाळा लागला.

जुनं घर आता पाडलं. माळवद उतरवताना गवंड्यानं वळचणीच्या लाकडाकडं बोट दाखवलं. तिथं एक खाच होती, रोज कपबशी खोचून खोचून पडलेली, गुळगुळीत झालेली. “हे काय हो सर?” त्यानं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. मामाचा नातू त्याच्या हाताखाली कामाला होता, तोही काम थांबवून ऐकत होता.